नव्या शेततळ्याला स्वयंचलित यंत्र बसवावे काय?



तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या बाजूला गेलात, किंवा सातारा जिल्ह्यात माण-खटावकडे वळलात, म्हणजे बागेच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हटकून दिसते. कुठे द्राक्षे, कुठे डाळिंब. म्हैसाळचे नाहीतर टेंभूचे पाणी आवर्तनाने येते. आले की तळे भरून घ्यायचे आणि पुढे ते ठिबकने पुरवून पुरवून वापरायचे, असा हा हिशेब. तळे खोदून झाले, कागद बसला, पंप आला, नळ्या पसरल्या, की दुकानदार हळूच एक प्रश्न टाकतो. "एवढं केलंच आहे, तर ऑटोमेशन पण टाकून घ्या की!" पाचगणीकडे बंगल्यापाशी पोहण्याचा हौद बांधणाऱ्यालाही विक्रेता हेच विचारतो. त्याचा प्रश्न हौसेचा असेल. आपला पोटाचा आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

यंत्राला नाके मुरडण्याचे कारण नाही. साताऱ्याजवळ लिंब गावी 'बारामोटेची विहीर' आहे. विरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधवली. नाव बारा मोटांचे असले तरी पंधरा मोटांची सोय तिथे आहे. आता मनाशी हिशेब करा, पंधरा मोटा म्हणजे किती बैल, किती माणसे, किती नाडे! पुढे याच मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथले पंप गावोगाव गेले, आणि मोट हाकणारा गडी धावेवरून उतरला. कोणी त्याबद्दल हळहळत बसले नाही. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, हा वाद आपण घालणार नाही. आपल्याला एवढेच ठरवायचे आहे, की कोणते काम यंत्राला द्यावे आणि कोणते आपल्या हाती ठेवावे.

आधी तळ्यात पाणी किती, ते पाहू. २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. तिच्यातले सर्वांत मोठे माप ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल असे होते. बाजू उतरत्या असल्यामुळे तळाशी ते २४ बाय २४ मीटरच राहते, आणि पाणी मावते २१९६ घनमीटर, म्हणजे साधारण २२ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण नऊ फूट बाय पाच फुटांवर लावलेल्या द्राक्षाच्या एका एकरात सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले, तर एकराला तासाला ७७४४ लिटर पाणी जाते. रोज तीन तास दिले तर २२ लाख लिटर ९४ दिवस पुरेल. आणि समजा, रात्री लाईट आली, मोटर आपोआप सुरू झाली आणि बंद करायला कोणी उठलेच नाही. आठ तास चालली, तर एका रात्रीत ६२ हजार लिटर गेले! असे रोज झाले तर तेच तळे ३५ दिवसांत तळाला. शिवाय ऊन आपला वाटा घेतेच. भरल्या तळ्याची पातळी दिवसाला ७ मिलिमीटर उतरली, तरी ६३०० लिटर वाफ होऊन जातात, आणि त्यावर कोणत्याही पेटीचे बटण चालत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, मोटर बंद करणारे यंत्र आधी घ्यावे. सुरू करणारे यंत्र मागाहून, आणि जपून.

बंद करणारी यंत्रे तशी साधीच असतात. तीन फेजपैकी एक गेली की मोटर तोडणारा प्रिव्हेंटर, पाणी संपले की मोटर थांबवणारा ड्राय-रनचा रक्षक, भार वाढला की सुटणारा रिले. तळे भरण्याच्या पंपाला तरता स्विच लावला तर काठोकाठ भरल्यावर पंप थांबतो. मात्र त्याच्या भरवशावर जादा पाण्याची सांडवाट बुजवू नका. स्विच अडकला आणि पाणी बांधावरून गेले, तर बांधच फुटतो.

आता सुरू करणारे यंत्र. खेड्यात 'ऑटो' म्हणतात तो स्विच पुष्कळांनी बसवलेला आहे. लाईट आली की मोटर आपली आपण चालू. एकट्याच्या दृष्टीने सोयच ती. पण मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एका डीपीवर तीस मोटारी असल्या आणि तिसांनाही ऑटो असला, तर लाईट येण्याच्या क्षणाला सगळ्या एकदम उठतात. मग फ्यूज तरी उडतात, नाहीतर डीपीच जळतो. आणि डीपी जळाला की ज्याने ऑटो लावला नाही त्याचीही बाग वाळते. म्हणून ऑटो स्विच काढा आणि मोटारीला कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगत असते. हे सांगणे सोळा आणे खरे आहे. कपॅसिटर असला की तेवढ्याच कामाला मोटर लाईनवरून कमी प्रवाह ओढते आणि डीपीवरचा ताण हलका होतो. तुम्हाला स्वयंचलित सुरुवात हवीच असेल, तर लाईट आल्यावर काही मिनिटे थांबून उठणारा स्टार्टर घ्या, आणि शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाची मिनिटे वेगवेगळी लावा. हे काम दुकानदार करणार नाही. ते पारावर बसूनच करावे लागते.

मग रात्रीबेरात्री जाणार कोण, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. काही गावांना सौर वाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागली आहे. इतर ठिकाणी अजून पाळी रात्रीची येते. उसाच्या कडेने अंधारात जायचे म्हणजे सापाची धास्ती, आणि शिराळा-कऱ्हाडकडे बिबट्याचीही. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरे अशी आहेत की, कर्ता मुलगा गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यात, आणि रानाकडे बघायला म्हातारे आईवडील नाहीतर सूनबाई. अशा घराला मोबाईलवर चालणारा स्टार्टर म्हणजे चैन नव्हे. सत्तरीच्या माणसाने रात्री दोन वाजता बांधावरून जाऊ नये, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो घ्यावा.

पण इथेच एक जिवाची गोष्ट आहे, ती नीट ऐका. पूर्वी मोटर सुरू करणारा माणूस मोटारीजवळच उभा असे. विहिरीत कोणी उतरले आहे का, वायर सोलली आहे का, हे त्याला दिसे. आता बटण शेकडो मैलांवर आहे. मुलगा तिकडून फोन लावतो, "लाईट आली वाटतं, घेतो चालू करून," आणि इकडे वायरमनचा हात पेटीत असतो, किंवा बाप फुटबॉल काढायला पाण्यात उतरलेला असतो. (फुटबॉल म्हणजे पंपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, हे शेतकऱ्यांना सांगायला नको, शिक्षकांसाठी सांगितले.) म्हणून घरात एक नियम करा. मोटारीला, वायरीला किंवा पाण्यातल्या पाइपाला हात लावण्याआधी मेन स्विच उतरवायचा, तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, पेटीवर ठेवायचे नाहीत. फ्यूज खिशात असले की कुठूनही कितीही फोन आला तरी मोटर उठत नाही. आणि स्टार्टरमध्ये नंबर एक किंवा दोघांचेच घालावेत. चार भावांनी चार ठिकाणांहून एकच मोटर चालवू नये.

वेळेवर चालणाऱ्या घड्याळी टायमरबद्दल थोडे बोलतो. आपल्याकडे ते नुसते घेऊन उपयोगाचे नाहीत. सकाळी सहाला सुरू हो, असे त्याला सांगून ठेवले, आणि या आठवड्यात लाईट रात्री आली, तर ते बिचारे काय करणार? आपल्याला तास मोजणारे यंत्र हवे. लाईट केव्हाही येवो, पहिल्या भागाला दोन तास, मग दुसऱ्याला दोन तास. आणि मध्येच लाईट गेली तर जिथे थांबले तिथून पुढे. विकत घेताना हा एकच प्रश्न विचारा, आणि त्याने गोलमोल उत्तर दिले तर पुढच्या दुकानात जा. दुसरे असे की, एक व्हॉल्व्ह बंद होण्यापूर्वी पुढचा उघडला पाहिजे. दोन्ही बंद आणि पंप चालू, असे झाले तर पाइप फुटतो.

गाळणीचे काम यंत्राला द्यावे का? तळ्याच्या उघड्या पाण्यात शेवाळ धरतेच. वाळूचा फिल्टर ते अडवतो, आणि अडवता अडवता स्वतःच तुंबतो. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन गेज लावतात. दोन्हींतले अंतर वाढू लागले की उलटे पाणी सोडून वाळू धुवायची. हे आपोआप करणारे व्हॉल्व्ह मिळतात. पाच-दहा एकरांच्या बागेला ते ठीक, पण एक-दोन एकरवाल्याला दोन काटे वाचता येत असले की पुरे. क्षार बसले तर आम्ल आणि शेवाळ झाले तर क्लोरीन सोडतात, ते मात्र जाणत्याला विचारूनच सोडावे. आम्ल पाण्यात घालायचे असते, पाणी आम्लात ओतायचे नसते; आणि ही दोन्ही औषधे कधी एकत्र करायची नाहीत, विषारी वायू होतो. शिवाय खारीने किंवा उंदराने कुरतडलेली नळी पेटीला दिसत नाही. पेटी म्हणते पाणी दिले, आणि पाणी जाते बांधाला. आठवड्यातून एकदा ओळीतून चालत जाणे काही सुटणार नाही.

तर मग घ्यावे की न घ्यावे? पैसा हातात बेताचा असेल, तर आधी तळ्याला कुंपण घाला. प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, पोकळ डबे नाहीतर ट्यूब तरंगत ठेवा. शिक्षक मित्रांनो, तळ्यात पोहायला उतरू नये, हे मुलांना तुम्हीच सांगितलेले लागते. त्यानंतर मोटारीची रक्षक यंत्रे आणि कपॅसिटर. व्हॉल्व्ह उघडमीट करणारी पेटी यंदा नाही घेतली तरी चालेल. फक्त पाइपासाठी चर खणाल, तेव्हा वायरीसाठी एक रिकामी नळी त्याच चरात पुरून ठेवा आणि व्हॉल्व्हभोवती हात जाईल एवढी चौकट बांधा. आज तिला थोडे पैसे लागतील. एकदा मांडव उभा राहिला आणि मुळ्या पसरल्या की तोच चर पुन्हा खणणे जिवावर येते. आणि पेटी घ्याल तेव्हा हाताने चालवायची सोय तिच्यात आहे ना, आणि ऐन एप्रिलात ती बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे सही करण्याआधी विचारा. वायरींचा नकाशा त्याच्याकडून कागदावर काढून घ्या आणि मोटारीच्या खोलीत बाटलीत घालून ठेवा.

सातवी-आठवीच्या वर्गाला मघाचे गणित जरूर घाला. आपल्या गावच्या तळ्याचे माप मुलांनी घरी विचारून आणावे, वेली आणि ड्रिपर मोजावेत, आणि तळे किती दिवस पुरेल ते काढावे. तळ्याच्या काठी मात्र मुलांना टेप घेऊन पाठवू नका.