शीत देशातील पाहुणी झुडपे



परसातील जास्वंद हिवाळ्यात कशी जगवावी, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला तर ऐकणारा हसेल. कण्हेर आपण देवळाच्या आवारात लावतो आणि विसरून जातो; घाणेरी तर न लावताच माळरान व्यापते. परंतु हीच झुडपे इंग्लंडसारख्या शीत देशातील बागेत गेली की त्यांची गणना नाजूक पाहुण्यांत होते. त्या देशी अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. हौसेने लावलेले झुडूप पहिल्याच हिवाळ्यात गेले, म्हणजे बोल थंडीला लावला जातो. परंतु पुष्कळदा दोष थंडीचा नसून अपुऱ्या ओळखीचा असतो.

थंडी नेमके काय करते, ते प्रथम पाहू. पारा शून्याखाली उतरला की पानातील पेशींच्या मधल्या पोकळीत पाणी गोठू लागते. तो बर्फ पेशींतील पाणी शोषून घेतो. त्यांचे पडदे निकामी होतात आणि सकाळी पान उकडल्यासारखे काळे, लिबलिबीत दिसते. शीत प्रदेशातील झुडपे दिवस लहान होऊ लागताच पेशींत शर्करा साठवून या संकटाची तयारी करतात. उष्ण प्रदेशातील झुडपांच्या अंगी ती विद्या नसते.

आता ओळखीकडे वळू. तेथील रोपवाटिकांत ‘हिबिस्कस’ या एकाच नावाखाली दोन निराळी झुडपे मिळतात. ज्याची पाने गर्द, तुकतुकीत आणि बारमाही, ती आपली जास्वंद. दहा अंशांखाली तिला सुख नाही. ज्याची पाने निस्तेज, बहुधा तीन खंडांची व हिवाळ्यापूर्वी गळणारी, ते ‘सिरियाकस’. नाव सिरियाचे असले तरी त्याचे माहेर पूर्व आशियात आहे. दक्षिण कोरियाचे ते राष्ट्रीय पुष्प होय. ते उणे पंधरा अंशांतही उघड्यावर तग धरते. पहिलीला घरात घेतलेच पाहिजे; दुसऱ्याला घरात कोंडणे हा निष्कारण जाच आहे.

धोतऱ्याच्या कुळातही असाच घोटाळा होतो. धोतऱ्याची फुले वर पाहतात व फळ सामान्यतः काटेरी असते. दक्षिण अमेरिकेतील ब्रुग्मान्सियाचे खोड मात्र काष्ठमय, फुले खाली लोंबणारी आणि फळ बिनकाट्याचे असते. दोन्ही विषारी आहेत, कण्हेरही तशीच. म्हणून ही झुडपे घरात घेताना मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशी योजना करावी.

ओळख पटली की पुढील काम सोपे. पहिले हिम पडण्यापूर्वी, साधारणतः ऑक्टोबरच्या आरंभी, कुंड्या आत घ्याव्यात. तत्पूर्वी पानांच्या पाठी पाहून पांढरी माशी व लाल कोळी यांचा बंदोबस्त करावा. जास्वंदीला उजेडाची खिडकी व दहा ते पंधरा अंशांची ऊब हवी. कण्हेरीला उजेड हवा, परंतु जागा थंड असली तरी चालते. ब्रुग्मान्सियाची पाने गळू द्यावीत; मग पाच अंशांच्या आसपास, अंधाऱ्या कोठीतही ते निजून राहते. थंडीला नाजूक असलेल्या फ्यूशियाचीही हीच रीत.

या काळात खत मुळीच नको आणि पाणी अगदी बेताचे. वाढ थांबलेल्या झुडपाची मुळे ओल्या, थंड मातीत कुजतात. हिवाळ्यात कित्येक झाडे हिमाने नव्हे, तर मालकाच्या मायेने मरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस दोनचार छाटकलमे लावून ठेवावीत, म्हणजे मूळ झाड गेले तरी वंश राहतो. मे महिन्यात हिमाचे भय सरल्यावर कुंड्या दिवसा बाहेर, रात्री आत, अशा आठपंधरा दिवस सरावाव्यात.

हा खटाटोप नवा नाही. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे 1684 ते 1686 या काळात चौदाव्या लुईने संत्र्यांच्या झाडांसाठी दक्षिणाभिमुख, जाड भिंतींचे प्रचंड दालन बांधविले. आजही तेथील संत्री, डाळिंब व कण्हेर हिवाळा त्यातच काढतात. आपणांस राजवाडा नको. एक खिडकी, एक कोठी आणि कोणते झुडूप कोठे ठेवावे एवढे ज्ञान पुरे.