रानातली सोडत

घरांसाठी सोडत निघते, हे म्हाडामुळे आपल्याला ठाऊक आहे. हजला जाणाऱ्यांची सोडत निघते, तिला आमच्याकडे ‘कुर्रा’ म्हणतात. पण शिकारीसाठीही सोडत निघते, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. अमेरिकेतल्या युटा राज्यात ती दर वर्षी निघते.

एल्क नावाचं थोरलं हरीण, मूस, डोंगरी मेंढा, बायसन ही तिथली मोठी जनावरं. काही भागांत त्यांच्या शिकारीचे मोजकेच परवाने देतात. अर्ज वसंतात भरायचा. त्याआधी शिकारीचा साधा परवाना हाती हवा. १९६५ नंतर जन्मलेल्यांनी रीतसर प्रशिक्षणही घेतलेलं हवं. कोणतं जनावर, कोणता भाग, धनुष्यबाण, ठासणीची बंदूक की रायफल, हे सारं आधीच लिहून द्यायचं.

परवाने किती, हे अर्जांच्या गठ्ठ्यावरून ठरत नाही. वन्यजीव खात्याची माणसं हेलिकॉप्टरमधून कळप मोजतात. नर किती, माद्या किती, पिल्लं किती जगली, याचा अंदाज घेतात. मग जाहीर बैठकांत चर्चा होते आणि मंडळ आकडा ठरवतं. माणसाची हौस नंतर, कळपाची मोजदाद आधी.

नंबर लागला नाही, तर अर्जदाराच्या नावावर एक गुण जमा होतो. निम्मे परवाने सर्वाधिक गुणवाल्यांसाठी राखलेले असतात. काही माणसं वीस-वीस वर्षं अर्ज करत राहतात. बायसनचा परवाना एकदा लागला, की त्यासाठी जन्मात पुन्हा अर्ज नाही. हंगाम संपल्यावर ३० दिवसांत अहवाल द्यायचा, रिकाम्या हातानं परतलेल्यानंही. मारलेल्या जनावराचं मांस रानात कुजू देणं हा तिथं गुन्हा आहे.

ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. अमेरिकेत एकेकाळी बायसन कोट्यवधी होते. बेबंद शिकारीनं एकोणिसावं शतक सरताना ते शेकड्यांवर आले. युटाच्या हेन्री पर्वतावर आज कळप दिसतो, तो १९४१ साली यलोस्टोनहून आणलेल्या १८ जनावरांपासून वाढलेला आहे.

या व्यवस्थेत एक मागचं दारही आहे. थोडे परवाने लिलावात विकले जातात आणि डोंगरी मेंढ्याच्या एकेका परवान्याला लाखो डॉलर मोजणारे धनिक भेटतात. तो पैसा वन्यजीवांवरच खर्च होतो, हे खरं. तरी वीस वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काय वाटत असेल?

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोठ्या शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती रद्द झाली. मला त्याचं समाधान आहे. जनावरावर नेम धरण्यात मला कधी शौर्य दिसलं नाही, आणि त्या सोडतीत मी नाव घालणार नाही.

पण तिथला तो क्रम मला मोलाचा वाटतो. आपण बंदूक खाली ठेवली. मात्र नदीची वाळू, विहिरीचं पाणी, समुद्रातली मासळी घेताना थांबलो नाही. परवाना तिथंही लागतो. तो देण्याआधी, मागणारे किती यापेक्षा शिल्लक किती, हे कोणी मोजतं का? आणि मोजल्यावर ‘यंदा तुमचा नंबर नाही’ असं सांगितलं, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे का?