घर बघायला जाताना
(महिला मेळाव्यातील मनोगत)

ताईंनो, पोरांच्या शिक्षणासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी नगरला केडगाव, सावेडीकडं घर बघतात. आम्हीही बघितलं. मालक, दीर फरशी अन् गाडी लावायची जागा बघत होते. गटातली मैत्रीण बरोबर होती. ती शेजारणीकडं पाणी प्यायला गेली अन् विचारून आली, “नळ कितव्या दिवशी येतो?” सहाव्या! त्या घराला आम्ही तिथंच हात जोडले.

दुसरं घर सगळ्यांना पटलं. तेव्हा मी म्हणाले, “हप्ता माझ्या शिलाईतून जाणार, मग कागदावर माझं नाव का नको?” मालक गप्प झाले. सासूबाईच बोलल्या, “बरोबर आहे तिचं.”

ताईंनो, १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावानं विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घराला २० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं तर ही सवलत मिळत नाही. आमची खरेदी माझ्या नावानं झाली.

गावातल्या घराचंही बघा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, त्यावर तुमचं नाव आहे का ते वाचा. नसेल तर नवऱ्याच्या जोडीनं लावून घ्या.

आणि इसार देण्याआधी मैत्रिणीला घेऊन एकदा शेजारणीकडं पाणी प्यायला जाच!