नाव मॅनेजरचे, काम कोणाचे?

(रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोकरदार मुला-मुलींच्या पुणे येथील मेळाव्यात युनियन सचिवांनी केलेले भाषण)



पूर्वी रेल्वेवाल्याचा मुलगा बहुधा रेल्वेतच लागायचा. आज कल्याण, दौंड, भुसावळच्या क्वार्टर्समधून निघालेली मुले-मुली पुणे, बंगळूर, हैदराबादला सॉफ्टवेअरचे प्रोग्राम लिहितात. पाच-सात वर्षे झाली की त्यांच्यापुढे प्रश्न येतो : प्रोग्राम लिहीत राहावे, की प्रॉडक्ट मॅनेजर व्हावे? मी मॅट्रिकवर रेल्वेत लागलेला माणूस. कॉम्प्युटर तुम्हालाच जास्त कळतो. पण एक काम सोडून दुसऱ्या कामावर जाताना काय मिळते आणि काय हातचे जाते, हा प्रश्न युनियनच्या कचेरीत रोजचा आहे. त्या अनुभवावरून बोलतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. रेल्वेच्या आरक्षणात ४५ वर्षांवरील बाईने बर्थची पसंती लिहिली नाही, तरी जागा उपलब्ध असल्यास कॉम्प्युटर तिला खालचा बर्थ देतो. हे कॉम्प्युटरकडून कसे करून घ्यायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम. पण वर चढताना या बाईचे गुडघे दुखतात, हे ओळखणे, आणि दहा मागण्यांतून ही आधी घ्या, ती मागे ठेवा, असे ठरवणे, हे दुसरे काम. त्यालाच तुमच्या कंपन्या प्रॉडक्ट मॅनेजरचे काम म्हणतात. याचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणाच्या कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना टिपण लिहिले, की एकेका मालाची सर्व काळजी वाहणारी स्वतंत्र माणसे असावीत. तिथून ही पद्धत पसरत गेली.

आमच्याकडे याच्या जवळचा माणूस म्हणजे सेक्शन कंट्रोलर. तो इंजिन चालवत नाही, सांधे बदलत नाही. पण मालगाडी लूपला घालून मेल पुढे काढायची की नाही, हे तो ठरवतो. स्टेशन मास्तर आणि गार्ड यांच्यातूनही निवडून कंट्रोलर होतात, कारण त्यांनी सेक्शन पाहिलेला असतो. तुमचेही तेच बळ आहे. कोणत्या कामाला दोन दिवस लागतील आणि कोणत्या कामाला दोन महिने, हे तुम्हाला कोणी फसवून सांगू शकत नाही.

पण दोन फरक ध्यानात घ्या. कंट्रोलरच्या हुकमामागे नियमांचे बळ आहे. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली पुष्कळदा एकही माणूस नसतो. प्रोग्रामवाले, डिझाइनवाले, विक्रीवाले, सगळ्यांना पटवूनच त्याला काम पुढे न्यावे लागते. माल चालला नाही, तर जाब मात्र त्यालाच. दुसरे असे, की हातची सवय सुटत नाही. कंट्रोलर झालेला स्टेशन मास्तर स्वतःच सांधे बदलायला धावला, तर सेक्शन कोण पाहणार? अडले की स्वतःच प्रोग्राम दुरुस्त करायला बसणाऱ्याचे हेच होते. आणि संध्याकाळी आपल्या हाताने केलेली वस्तू दिसते, ते समाधान या कामात नाही. दिवस बैठकांत जातो. ज्याचा जीव त्या समाधानात आहे, त्याने केवळ पगार किंवा पद पाहून जाऊ नये. उत्तम कारागीर राहणे हीदेखील बढतीच आहे.

आता मुख्य मुद्दा. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने गार्डचे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले. पदनाम मानाचे आहे, आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण वेतनस्तर तोच राहिला, जबाबदाऱ्याही त्याच राहिल्या. नुसत्या नावाने कामगाराचा मॅनेजर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली एका निकालात हेच सांगितले आहे : पदनाम पाहू नका, तो माणूस मुख्यतः कोणते काम करतो ते पाहा.

हा शब्दांचा खेळ नाही, यावर भाकरी अवलंबून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीत तांत्रिक काम करणारा 'कामगार' आहे. मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा कामगार नाही. देखरेखीचे काम करणाऱ्याचे वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल, तर तोही नाही. कामगार ठरलात आणि एक वर्ष सलग सेवा झाली, तर कपातीपूर्वी कारणासह एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हा तुमचा हक्क आहे. कामगार नाही ठरलात, तर नेमणूकपत्रात जे लिहिले असेल त्याच्याच आधारावर भांडावे लागते. प्रोग्राम लिहिणारा तांत्रिक काम करतो, हे सांगणे सोपे आहे. प्रॉडक्ट मॅनेजरच्या बाबतीत वाद उभा राहू शकतो, आणि तो त्याच्या प्रत्यक्ष कामावर ठरेल. हाताखाली माणूस नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, नेमणुकीचा नाही, आणि वर मॅनेजर म्हणून संरक्षणही गेले, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

म्हणून जाऊ नका असे मी म्हणत नाही. जा, पण पाहून जा. बदली होण्याआधी काही महिने ग्राहकांच्या तक्रारी स्वतः ऐका. एखाद्या लहान सुधारणेची मागणी साध्या भाषेत एका पानावर लिहून काढा : कोणाची अडचण, किती जणांची, आणि ती दूर झाली हे कशावरून कळणार. हे करताना कंटाळा आला, तर पुढचे सगळे काम तसेच आहे हे समजा.

मग चार गोष्टी लेखी घ्या. पहिली, कामाचे स्वरूप आणि अधिकार. दुसरी, पगारवाढ कधी आणि किती. 'आधी काम करून दाखवा, मग बघू' हे उत्तर मान्य करू नका. तिसरी, परतीची वाट. रेल्वेत माणूस दुसऱ्या पदावर गेला, तरी जुन्या पदावर त्याचा लिएन राहू शकतो. तुमच्या कंपनीत हा शब्द नसेल, पण सहा महिन्यांत जमले नाही तर जुन्या कामावर परत घेऊ, एवढे पत्र मागायला हरकत काय? चौथी, सेवेचे सातत्य. त्याच कंपनीत काम बदलले तर जुनी सेवा मोजली जाते. कंपनी बदलली तर ग्रॅच्युइटीची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, आणि कायम नोकरीत त्यासाठी साधारणपणे ५ वर्षे लागतात.

शेवटचे सांगतो. कालपर्यंत जे शेजारी बसून काम करत होते, त्यांच्या कामाची तारीख उद्या तुम्ही वरच्यांना सांगणार. दोन महिन्यांचे काम तीन आठवड्यांत होईल असे वरच्यांना खूश करायला कबूल केलेत, तर त्या रात्री दुसऱ्याच्या घरातल्या जागतील. ही गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळते, कारण तुम्ही स्वतः त्या रात्री काढल्या आहेत. तारीख देण्यापूर्वी काम करणाऱ्याला विचारा. तो सांगेल तीच तारीख वर सांगण्याची हिंमत ठेवा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.