हलकी रायफल आणि आपलं सपाट वावर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं, वेळ दहा मिनिटं, विषय आपल्या आवडीचा. ही आता कॉम्प्युटरवर बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. मी बंदुकीवर बोलणार आहे. घाबरू नका, सोबत आणलेली नाही.

कारण असं की आपल्यातले बरेच जण आजही शेती करतात. तुरीला शेंगा धरल्या, हरभरा वर आला, की आपल्या ग्रुपवर रानडुकरांनी उकरलेल्या वावरांचे फोटो सुरू होतात. मग कोणीतरी लिहितंच, "परदेशात शिकारीला छोट्या, हलक्या रायफली मिळतात. तशी एकेक आम्हाला द्या, मग पाहा!" रात्रभर जागल करून सकाळी पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसाचा तो वैताग आहे, त्याला मी हसणार नाही. पण त्या हलक्या रायफलीचा हिशेब एकदा नीट मांडावा असं वाटलं.

ही रायफल हलकी का झाली? तर पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्यासाठी. साहेबी शिकारीत मचाणावर बसायचं, हाका घालणारे जनावर समोर आणायचे आणि बंदूक वाहायला वेगळा माणूस असायचा. अशा शिकारीत पाच किलोची दुनळी चालून जायची. डोंगर चढत एकट्यानं माग काढायचा तर गोष्ट वेगळी. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, ती साडेतीन किलोच्या आतबाहेरची. कुमाऊंच्या चढ-उतारांवर ती त्यानं वर्षानुवर्षं वापरली. पुढे १९८० च्या दशकात जेफ कूपर या अमेरिकन माणसानं तर मापच ठरवून टाकलं: लांबी एक मीटरच्या आत, वजन तीन किलोच्या आसपास. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या कल्पनेवर रायफल बनवली. आपल्याकडे परवानाधारकांकडे दिसणारी 'तीनशे पंधरा' ही ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. .३०३ हे लष्कराचं बोअर, सामान्य माणसाला बंद. म्हणून हे वेगळं बोअर आलं.

आता विज्ञानाच्या सरांची माफी मागून न्यूटनचा तिसरा नियम. बंदुकीचा धक्का हे पुस्तकातलंच उदाहरण होतं, आठवतं? नऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला आठशे मीटर वेगानं सुटली, तर साडेतीन किलोची रायफल सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगानं मागे येते. हा फक्त गोळीचा हिशेब, दारूच्या वायूचा धक्का त्यात आणखी मिळवायचा. वजन अडीच किलोवर आणलं, तर खांद्यावर येणारी ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढते. नळी आखूड केली की आवाज आणि जाळ वाढतो, गोळीचा वेग थोडा कमी होतो. शिवाय हलकी वस्तू धापा टाकणाऱ्या हातात स्थिर राहत नाही. दिवसभर खांद्यावर जे सुख मिळतं, त्याची किंमत बार काढायच्या त्या एका क्षणात मोजावी लागते. नवख्या माणसाचे दोन-चार बार झाले की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. मग जनावर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर तुरीत शिरलं, तर सकाळी त्या तुरीत पहिलं पाऊल तुमच्या घरातल्या बाईमाणसाचं किंवा मजुराचं पडणार.

याहून मोठी अडचण आपल्या जमिनीची आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, अकोला तीनशेच्या आत. मेळघाटच्या दरीत गोळी चुकली तर समोरचा डोंगर बहुधा तिला अडवतो. खाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तिला अडवायला काय आहे? धुऱ्यावरची एखादी बाभूळ! रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात पुढचं गाव येतं आणि वाटेत शेजारच्या वावरात दुसरा कोणी जागलीला बसलेला असतो. तोही अंधारात, तोही टॉर्च घेऊन. डोंगरात पायी फिरणाऱ्यासाठी घडवलेलं हत्यार सपाट रानात, रात्री, एका जागी बसलेल्या माणसाच्या हाती देणं मला बरोबर वाटत नाही. चांगलं यंत्र चुकीच्या कामाला लावल्यासारखं ते होईल.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. पीक उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना. ही वाट आहे, तिची गरज कधी पडेलही. पण त्या वेळी काम सरावलेल्या नेमबाजाचं, गोळीमागे माती आहे हे पाहून बार काढणाऱ्याचं. घरोघरी रायफल हा त्याचा अर्थ नाही.

मग करायचं काय? विजेच्या खांबावरून थेट तार टाकणं तर सर्वांत वाईट. त्या २३० व्होल्टनं स्नायू आखडतात आणि हात तारेला चिकटून राहतो. जनावराबरोबर माणसंही अशीच गेली आहेत. झटका मशीन त्याउलट काम करतं. काही हजार व्होल्टचा झटका, पण क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता, साधारण सेकंदाला एकदा. जनावर दचकून मागे फिरतं, जिवंत राहतं. मात्र एकट्याच्या वावराला तार लावली की डुक्कर शेजाऱ्याकडे जातं. पूर्ण शिवाराला एकत्र कुंपण केलं, तर एकरी खर्च उतरतो. चौकोनी जमिनीचं क्षेत्रफळ चौपट झालं तरी परीघ दुपटीनंच वाढतो, हे गणिताच्या मॅडमनी आपल्याकडून घोटून घेतलंय. खालची तार डुकराच्या नाकाच्या उंचीला हवी आणि तिच्याखालचं गवत वेळेवर कापायला हवं, नाही तर झटका जमिनीत उतरून जातो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ज्यांची वावरं एका शिवारात आहेत त्यांनी उद्या परतण्याआधी एकत्र बसावं, गट नंबर आणि धुऱ्यांची मापं मला द्यावीत. तारेची लांबी, खांबांची संख्या, बॅटरी आणि सोलर पॅनेलचा हिशेब मी करून देते. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी पहिल्या शिवाराच्या खर्चात हात लावावा. गुरुजनांनी आमचा हिशेब तपासावा, लाल पेन अजून खिशात असेलच!