‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर

नोकरीच्या मुलाखतीत किंवा कचेरीतील पहिल्या दिवशी इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. हा शिकवणीच्या वर्गाचा विषय. बुद्धविहारात त्याचे काय काम, असेही कोणी मनात म्हणाले असेल. परंतु थोडा विचार करा. ज्या समाजाला शतकानुशतके ‘तू कोण?’ हा प्रश्न केवळ दूर उभे करण्यासाठी विचारला गेला, त्या समाजाच्या मुलामुलींनी या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हा व्याकरणाचा प्रश्न नव्हे. तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो धम्माचाही प्रश्न आहे.

मी पदवीधर झाल्यावर पहिल्या मुलाखतीस गेलो, तेव्हाची गोष्ट सांगतो. समोर तिघे गृहस्थ बसले होते. स्वतःविषयी काही सांगा, असे त्यांनी इंग्रजीत म्हटले. मी पाठ करून गेलो होतो. ‘मायसेल्फ’ या शब्दाने आरंभ केला. मग वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, भावंडांची संख्या, वडिलांचा व्यवसाय असे सारे एका दमात सांगून टाकले. त्यांपैकी एकाने गावाचे नाव पुन्हा विचारले, वडील नेमके कोणते काम करीत हे विचारले आणि शेजाऱ्याकडे पाहिले. त्यानंतर माझ्या विषयातील एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही. पाच-सात मिनिटांत मी बाहेर होतो.

दोष त्यांचाच होता, यात मला आजही शंका नाही. तथापि एक गोष्ट माझ्या ध्यानी फार उशिरा आली. मी काय शिकलो आणि मला काय येते, याबद्दल मी माझ्या ओळखीत एक अक्षरही बोललो नव्हतो. त्यांना जे जाणून घ्यायचे होते ते मी न विचारताच सांगितले. आणि त्यांनी जे जाणून घ्यायला हवे होते ते सांगायचे मात्र राहून गेले. आपल्या मुलांच्या बाबतीत असे घडू नये, एवढ्याचसाठी मी आज आपणांसमोर उभा आहे.

जुन्या काळी गावात आपल्या वाडवडिलांची ओळख एकाच शब्दात होत असे. ‘जोहार, मायबाप’ असे म्हणून ते वाकत. तो शब्द उच्चारताच बोलणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कळे. जोहार करणाऱ्याला उलट जोहार मिळत नसे, हे विसरू नका. बाबासाहेबांच्या चळवळीने तो शब्द आपल्या तोंडातून काढला आणि तेथे ‘जयभीम’ आणला. ज्याला जयभीम करावा तोही जयभीमच म्हणतो. इंग्रजीतील ‘गुड मॉर्निंग’ हा साधा शब्दही त्याच जातीचा आहे. वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघांनाही तोच शब्द. म्हणून तो ताठ मानेने म्हणावा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सर, सर’ म्हणत राहणे म्हणजे जुना जोहारच नवे कपडे घालून परत येणे होय. आदर एकदा दाखवावा. लाचारी एकदाही दाखवू नये.

आता दुसऱ्या टोकाचा विचार करू. नाव लपवावे काय? आडनाव बदलावे काय? आपल्यातील कित्येकांनी पोटासाठी तसे केले आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. परंतु याचा अनुभव खुद्द बाबासाहेबांनी घेतलेला आहे. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवून, लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांना उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि तू कोण, असा जाब त्यांनी विचारला. त्या नावाने त्यांना जेमतेम दहा दिवसांचे छप्पर दिले, आणि त्या दहा दिवसांतही मनाला स्वस्थता दिली नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तेच बाबासाहेब 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत उभे राहिले, तेव्हा आपण ब्रिटिश हिंदुस्थानातील एक-पंचमांश लोकसंख्येची, अस्पृश्यांची बाजू मांडण्यासाठी उभे आहोत, असे त्यांनी इंग्रजीत उघडपणे सांगितले. तेरा वर्षांत माणूस तोच होता. जे नाव बडोद्यात लपवावे लागले, तेच घेऊन तो साम्राज्याच्या राजधानीत बोलला.

आज काळ बदलला, आता आडनाव कोण पाहतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. 2007 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांशच आढळला. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवण्यापूर्वीच आपल्या मुलावर एक ओझे असते. सातासमुद्रापार गेल्यानेही ते आपोआप उतरत नाही. अमेरिकेतील सिएटल शहराला 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे. हे मी आपणांस भिववण्यासाठी सांगत नाही. ज्याला रस्त्यातील खड्डा ठाऊक असतो तो सावधपणे चालतो, आणि पोहोचतो.

मग उत्तर द्यावे तरी कसे? याचा मार्ग तथागतांनीच दाखविला आहे. सुत्तनिपातात एक प्रसंग आहे. सुंदरिका नदीच्या तीरावर यज्ञ आटोपून एक ब्राह्मण यज्ञातील उरलेले अन्न कोणाला द्यावे, हे पाहात होता. त्याने भगवंतांना त्यांची जात विचारली. भगवंतांनी जात सांगितली नाही आणि लपवलीही नाही. जन्म विचारू नये, आचरण विचारावे. अग्नी कोणत्याही लाकडातून उत्पन्न होतो, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ आहे. मुलाखतीतील ओळख याच न्यायाने करावी. मी कोठे जन्मलो हे सांगण्याऐवजी मी काय केले आणि मला काय करता येते, हे सांगावे. आनंदाची गोष्ट ही की, इंग्रजीतील व्यावसायिक ओळखीची रीतही हीच आहे. तेथे वडिलांचा व्यवसाय, भावंडे, तालुका यांपैकी कशाचीही अपेक्षा नसते.

अशा ओळखीला चार वाक्ये पुरतात. पहिल्यात नाव, दुसऱ्यात शिक्षण आणि काम, तिसऱ्यात आपण केलेली एक ठोस गोष्ट, आणि चौथ्यात येथे काय करण्याची इच्छा आहे ते. समजा, आपली मुलगी परिचारिका आहे. तिने नाव सांगून म्हणावे : ‘आय ॲम अ ट्रेन्ड नर्स. आय हॅव वर्क्ड इन अ चिल्ड्रन्स वॉर्ड फॉर थ्री इयर्स. लास्ट इयर आय ट्रेन्ड सिक्स ज्युनिअर नर्सेस. आय वुड लाइक टु वर्क विथ चिल्ड्रन हिअर ॲज वेल.’ यात एकही कठीण शब्द नाही. पण ऐकणाऱ्यापुढे एक कर्तबगार बाई उभी राहते. पुढचा प्रश्न आता वॉर्डाविषयी येईल, गावाविषयी नव्हे. ज्याने अद्याप नोकरी केली नाही, त्याने महाविद्यालयात केलेला प्रकल्प सांगावा, किंवा विहारात चालविलेला अभ्यासवर्ग सांगावा. तेही कामच आहे.

नाव मात्र पूर्ण आणि सावकाश उच्चारावे. आपल्या आजोबांना गावात ‘धोंड्या’, ‘दगड्या’ अशी हाक मारीत. धम्मदीक्षेनंतर आपण आपल्या मुलांना सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा अशी नावे दिली. ती नावे तोंडातल्या तोंडात पुटपुटण्यासाठी दिलेली नाहीत.

भाषेच्या काही चुका मराठीतून इंग्रजीत जाताना घडतात, त्याही सांगतो. ‘मायसेल्फ अमुक’ असे म्हणू नये. ‘आय ॲम अमुक’ किंवा ‘माय नेम इज अमुक’ म्हणावे. आपण ‘शुभनाम’ म्हणतो, म्हणून ‘माय गुड नेम’ म्हणू नये. इंग्रजीत नुसते नाव असते. ‘मी तीन वर्षांपासून काम करतो’ याचे ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ असे होत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स’ असे होते. ‘आय ॲम हॅविंग अ डिप्लोमा’ नव्हे, ‘आय हॅव अ डिप्लोमा’. उच्चार साहेबासारखा नसला तरी चालेल. शब्द स्पष्ट हवा. एखादा प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. आणि जे येत नाही ते येते म्हणून सांगू नये. असत्य न बोलण्याचे शील आपण घेतले आहे. ते मुलाखतीच्या खोलीबाहेर ठेवण्याची वस्तू नव्हे.

एवढे करूनही जातीचा प्रश्न आलाच तर? येथे दोन प्रसंग वेगळे ओळखावेत. राखीव जागेच्या अर्जावर जात विचारली जाते ती कायद्याने, आपला हक्क आपल्याला देण्यासाठी. तेथे संकोच करू नये. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात आरंभी मुख्यतः हिंदूंचा समावेश होता, 1956 साली शिखांचा झाला आणि 1990 साली बौद्धांचा झाला. म्हणून धर्माने बौद्ध आणि प्रमाणपत्राने अनुसूचित जातीचा, हे उत्तर कायद्याने बरोबर आहे. त्यात विसंगती आहे, असे कोणी सुचविल्यास गोंधळू नये.

दुसरा प्रसंग कुतूहलाचा. ‘पूर्ण नाव काय? मूळचे कोठले? घरचे काय करतात?’ असे आडवळणाने प्रश्न येतात. तेथे खोटे बोलू नये, चिडू नये, आणि लांबणही लावू नये. एका वाक्यात खरे उत्तर द्यावे आणि त्याच श्वासात कामाकडे वळावे. ‘माय पेरेंट्स आर फार्म वर्कर्स, अँड आय ॲम द फर्स्ट ग्रॅज्युएट इन माय फॅमिली’ हे वाक्य कीव मागण्यासाठी म्हटले तर हलके होते. पराक्रम म्हणून सांगितले तर त्याच्याइतके वजनदार वाक्य नाही. सरकारी नोकरीत धर्म, जात, वंश किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात लिहिले आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज कापत नाही.

इंग्रजी ही परक्यांची भाषा, तिचा एवढा सोस कशाला, असे कोणी म्हणेल. सावित्रीबाई फुले यांनी 1854 सालच्या आपल्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला, तो साहेब होण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले, तेही केवळ पदव्या वाटण्यासाठी नव्हे. आपली मराठी आपण सोडणार नाही. पण ज्या दाराची कुलपे इंग्रजीत आहेत, त्याची किल्ली आपल्या मुलांच्या हाती असलीच पाहिजे.

मातांनो आणि पित्यांनो, आपणांस इंग्रजी येत नाही म्हणून यात आपले काही काम नाही, असे समजू नका. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला समोर उभे करा आणि त्याची चार वाक्ये त्याच्या तोंडून ऐका. शब्द कळले नाहीत तरी मुलगा मान खाली घालून बोलतो आहे काय, आवाज घशात अडकतो आहे काय, हे आईइतके कोणाला कळते? आणि दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दोन-दोन तरुणांनी उठून सर्वांसमोर इंग्रजीत आपली ओळख करून द्यावी. पहिल्यांदा अडखळतील, अडखळू द्या. आपल्या माणसांपुढे दहा वेळा अडखळलेला मुलगा परक्यांपुढे एकदाही अडखळणार नाही.

या पौर्णिमेला मी येथे पुन्हा येणार आहे. पहिले दोघे कोण उभे राहणार, ते आजच ठरवा.

जयभीम.