ताफ्यामागचे नौदल



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले मोजकेच नौदलात जातील. तरीही नौदलाचा कारभार कसा चालतो ते आज तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण तुमच्या अभियांत्रिकीचा कस तिथे रोज लागतो.

आपल्या नौदलाच्या तीन कमांड आहेत : पश्चिमेची मुंबईत, पूर्वेची विशाखापट्टणमला, दक्षिणेची कोचीत. तिन्हींवर व्हाइस अ‍ॅडमिरल. लढाऊ ताफे मात्र दोनच, पश्चिमेचा आणि पूर्वेचा. त्यांची सूत्रे रिअर अ‍ॅडमिरलकडे. कोचीकडे मुख्यतः प्रशिक्षणाची जबाबदारी. समुद्रात नौकेने कुठे जायचे, काय करायचे, हे ताफ्याचा प्रमुख सांगतो. पण तिची मोठी दुरुस्ती, सुटे भाग, दारूगोळा, माणसांच्या नेमणुका हे सारे पाहणारी यंत्रणा वेगळी. तिचे धागे मुंबईच्या गोदीपासून दिल्लीच्या मुख्यालयापर्यंत पोहोचतात.

दुरुस्ती आटोपली म्हणून नौका लगेच ताफ्यात दाखल होत नाही. आधी तिची कसून तयारी करून घेतात. परीक्षक अधिकारी नौकेवर चढतात. अमुक कप्प्यात आग, तमुक ठिकाणी पाणी शिरले, असे ऐनवेळी जाहीर करतात. कधी दिवेच घालवतात. मग अंधारात कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद केला, होज पोहोचायला किती वेळ लागला, हे हातात घड्याळ धरून बघतात. जमले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मला नौदलातले सर्वांत मोलाचे काम हेच वाटते.

आधीच्या तयारीने काय साधते, ते पाहा. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. मुळात या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, कमी पल्ल्याच्या. त्यांना टो करून शत्रूच्या दारापर्यंत नेता येईल, हे कोणाला तरी आधी सुचावे लागले, करून पाहावे लागले. त्यांच्या खलाशांनी सोव्हिएत संघात जाऊन प्रशिक्षण घेतले होते. त्या रात्रीचे यश बंदरात आणि वर्गात आधीच घडत आले होते.

सज्ज करणे आणि लढवणे ही कामे वेगवेगळ्या हातांतही देता येतात. अमेरिकेत 1958 पासून नौदलप्रमुखाकडे फक्त सज्जतेचे काम उरले; लढाईचा हुकूम संयुक्त कमांडकडे गेला. आपल्याकडे दोन्ही जबाबदाऱ्या अजून नौदलप्रमुखाकडेच आहेत. तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांड आल्या की हे चित्र पालटेल. ते पालटावे, असे माझे मत आहे. मात्र लढणाऱ्याला मान आणि सज्ज करणाऱ्याला नुसते काम, अशी वाटणी तेव्हा होऊ देता कामा नये.

असा मान देण्याची रीत नौदलात आहेच. लोणावळ्याला समुद्र नाही, तरी तिथल्या नौदल प्रशिक्षण केंद्राचे नाव जहाजासारखेच आहे : आयएनएस शिवाजी. किनाऱ्यावरच्या माणसालाही नौदल जहाजावरचाच मानते.

म्हणूनच सांगतो, तुमची पहिली नेमणूक गोदीत, भांडारात किंवा चाचणी विभागात झाली, तर बदलीसाठी अर्ज करू नका. तिथे निदान तीन वर्षे टिकून काम शिका.